थोरलीच्या नावे काही नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा फोटोतल्या चेहऱ्यांवरचे दोष काढणे, राहणार स्टुडिओच्या वरची खोली, असे लिहून ठेवतो की आज रोजी माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाहीत, ते थरथरतात, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं उमटलं आहे. त्यावरून माझ्यावर कोणी दबाव आणला असा अर्थ काढू नये. डॉक्टरांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी तीन प्रश्न विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात गेले तर उरले किती, आणि तुम्ही कोण. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी फाडफाड दिली. तिसऱ्यापाशी अडलो. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, अवघड प्रश्न नाहीये हा." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल."

कलम पहिले. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द केलं हे लिहिण्याची गरज नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. त्यांना नसेल, मला आहे.

त्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझ्यामागे माझी सर्व मिळकत माझ्या दोन्ही भाच्यांना समसमान मिळावी. ते मी घरी बसून, स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहिलं होतं. मग ते पक्कं करायला वकीलबाईंकडे गेलो. मला जिना उतरवून तिथवर नेणारी माझी भाची, जिला घरात सगळे धाकटी म्हणतात, माझी काठी मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती. वकीलबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "दुसऱ्या भाचीचा पत्ता?"

उत्तर धाकटीने दिलं. "ती चार वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते."

वकीलबाईंनी पुन्हा कागदात पाहिलं. "पण इथे तर लिहिलंय, थोरली, व्यवसाय डॉक्टर."

"हो, झाली ना डॉक्टर," धाकटी म्हणाली. "गेल्यानंतर झाली."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या बाई भल्या आहेत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, जी व्यक्ती अस्तित्वात नाही तिला कायद्याने काही देता येत नाही." मी विचारलं, "आणि तिच्यासाठी जे दुसऱ्याकडून घेतलं, ते परत देता येतं का?" त्या म्हणाल्या, "काय घेतलं ते सांगा, मग बघू." धाकटीसमोर मला ते सांगता आलं नाही. टॅक्सीतून घरी परतताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, वाईट वाटून घेऊ नकोस. अर्धं तरी दिलंस. आमच्या घरात मला तेवढंही मिळत नव्हतं." हे ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली आणि मग उतरताना माझा हात धरला.

म्हणून हे नवं मृत्युपत्र.

कलम दुसरे. सदर मृत्युपत्रात थोरली असा उल्लेख येईल तो पुढील व्यक्तीचा समजावा. व्यक्ती म्हणावं का, हा प्रश्न मी वकीलबाईंना आणि वाचणाराला सोपवतो.

माझ्या बहिणीला दोन मुली. थोरली गेली तेव्हा बहीण कित्येक महिने कोणाशी बोलली नाही. जेवायची, धाकटीला न्हाऊ घालायची, पण तोंडातून शब्द नाही. थोरलीचा पाचवा वाढदिवस आला त्या सकाळी ती जिना चढून स्टुडिओत आली आणि माझ्या मेजापाशी उभी राहिली. म्हणाली, "दादा, आज ती पाच वर्षांची झाली असती. कशी दिसली असती, एकदा दाखव मला. एकदाच."

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमच्या काळी फोटो आधी निगेटिव्हवर यायचा आणि निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. टोकदार पेन्सिलने तो भरला की फोटोतून डाग गेला. वण, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दातांतली फट, सगळं पेन्सिलने भरून निघतं. उलट फोटोत एखादी नवी सावली हवी असेल तर निगेटिव्ह चाकूच्या टोकाने हलकेच खरवडायची. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसता येते. चाकू चुकला तर चुकला. स्टुडिओच्या तेव्हाच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पेन्सिल बायकोसारखी वापर, चाकू सासऱ्यासारखा." मी लग्न केलं नाही, त्यामुळे दोन्हींचा उपयोग मला अंदाजानेच शिकावा लागला.

पहिली दोन वर्षं थोरलीच्याच जुन्या फोटोवर भागवलं. हनुवटी जरा लांबवली, गालांवरची गुबगुबी कमी केली. बहिणीने फोटो हातात घेतला आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसली. आवळा देऊन कोहळा मिळाल्यासारखं झालं मला. पण पोर सात वर्षांची व्हायची वेळ आली तेव्हा चार वर्षांचा चेहरा ताणून ताणून किती ताणणार? धाकटी तेव्हा पाच वर्षांची झाली होती. म्हणजे वयाने ती आपल्या थोरल्या बहिणीच्या पुढे निघून गेली होती. हे असं होऊ शकतं का, धाकटं माणूस थोरल्याहून थोरलं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. मी तिला स्टुलावर बसवलं.

कलम तिसरे. स्टुडिओ, वरची खोली, जिना आणि उत्तरेची मोठी खिडकी ही माझी स्थावर मिळकत संपूर्णपणे धाकटीस मिळावी. अर्धी नव्हे. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी किंवा कुलूप लावून ठेवावी, कोणी तिला काही विचारू नये. तिथे माझी आठवण वगैरे जपण्याची अट नाही.

कलम चौथे. जंगम मिळकतीची व्यवस्था येणेप्रमाणे.

मोठा उभा आरसा खालच्या शिंप्याला द्यावा. त्याने आमच्यासाठी दरवर्षी एक फ्रॉक शिवला. धाकटीच्या अंगापेक्षा मोठा, दोन वर्षं पुढच्या मापाचा. कारण बहिणीचा हट्ट असा की थोरली नेहमी धाकटीपेक्षा दोन वर्षांनी मोठीच दिसली पाहिजे. फोटोच्या वेळी मी तो फ्रॉक मागून टाचण्या लावून घट्ट करायचो. पुढे दोन वर्षांनी धाकटीला तो बसायला लागला की बहीण कपाटातून काढून म्हणायची, "घाल, थोरलीचा आहे." धाकट्या भावंडाने थोरल्याचे कपडे वापरायचे, हे घरोघरचंच. पण आमच्याकडच्या थोरलीने ते कधी अंगालाही लावले नव्हते. शिंप्याने एकदा माप घेताना मला हळूच विचारलं, "भाऊ, हे नक्की कोणाच्या अंगाचं शिवतोय मी?" मी त्याला म्हटलं, तू शिव. आरसा त्याला त्या प्रश्नाबद्दल आहे. मी त्याच वेळी त्याच्याकडून तो प्रश्न नीट ऐकून घ्यायला हवा होता.

माझं रिटचिंगचं उतरतं मेज कोपऱ्यावरच्या झटपट फोटोवाल्याला द्यावं. तो एका बटणात सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या अंड्यासारखे करतो आणि वर चारचौघांत मला भुतांचा मामा म्हणतो. त्याने त्या मेजावर आपला डबा ठेवून जेवावं. डबा घसरेल. भुतांचा मामा हे मात्र त्याचं बरोबर होतं, एवढं त्याला सांगावं.

बँकेत जे काही आहे त्यातून बहिणीच्या औषधपाण्याचा आणि दिवसा येणाऱ्या बाईचा खर्च व्हावा, उरेल ते धाकटीचं. वकीलबाईंनी व्यवस्थापक म्हणून हे पाहावं.

चाकू कोणालाही देऊ नये.

कलम पाचवे. माझे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, हयात असल्यास, थोरलीचा चार वर्षांची असतानाचा मूळ फोटो त्यांच्या हाती पोचवावा. तो बहिणीने भिंतीवरून काढून टाकला होता. म्हणाली, आता ती एवढी लहान राहिली नाही. मी तो जपून ठेवला आहे.

मेहुणे एक दिवस कामावरून आले. भिंतीवर नवी चौकट लागली होती, नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या. त्यांनी बूटही काढले नाहीत. विचारलं, "ही कोण?" बहीण म्हणाली, "कोण म्हणजे? थोरली." ते म्हणाले, "थोरली चार वर्षांची आहे." एवढंच. मग ते परगावची कामं घ्यायला लागले आणि हळूहळू तिकडचेच झाले. आम्ही सगळ्यांनी त्यांना पाषाणहृदयी ठरवलं. मी तर सर्वांत आधी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता वाटतं, त्या घरात आपल्या मुलीला ती होती तेवढीच आणि होती तशीच ठेवणारा तो एकच माणूस होता. बाकीच्यांनी तिचं जे झालं त्यापेक्षा जे होऊ शकलं असतं त्याच्यावर जास्त माया केली. भाऊजी, मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो होतो आणि मायन्याच्या पुढे गेलो नाही. हेच पत्र समजा.

कलम सहावे. हे कलम धाकटीसाठी आहे. वकीलबाई, यात कायद्याचं फार नाही, पण तुम्ही काय घेतलं ते सांगा म्हणाला होतात.

बाळ, तू पाच वर्षांची असल्यापासून मी तुला दरवर्षी स्टुलावर बसवलं. तुला जाड चष्मा होता. थोरलीला नव्हता. म्हणून मी म्हणायचो, "चष्मा काढ." तू काढायचीस आणि दोन्ही हातांत घट्ट धरून बसायचीस. चष्म्याशिवाय तुला समोर कोण आहे ते दिसत नसे. तू डोळे बारीक करून माझ्या आवाजाकडे बघायचीस. मी म्हणायचो, हस. तू कोणाकडे बघून हसत होतीस, देव जाणे.

मग मी आत जाऊन तुला काढून टाकायचो. दुसरा शब्द नाही त्याला. तू खुर्चीवरून पडलीस तेव्हाचा भुवईवरचा वण, नाकावर चष्म्याने पडलेले दोन खड्डे, पुढच्या दातांतली फट, हे सगळं पेन्सिलने भरायचो. तुझ्याकडे बघताना मला तू दिसतच नव्हतीस. काय काय पुसायचं आहे तेवढंच दिसायचं. आणि शेवटी चाकू घेऊन डाव्या गालावर एक खळी कोरायचो. ती थोरलीची. तिच्या चार वर्षांतली मला खात्रीने ठाऊक असलेली ती एकच गोष्ट होती. बाकी सगळी तू होतीस, किंवा मी.

आणि ती गोड होती, हे कबूल करतो. तुझ्यापेक्षा मला तिचा लळा जास्त होता. तू खोकायचीस, रुसायचीस, गणितात नापास झालीस, माझी शाईची बाटली सांडलीस. ती कधी काही सांडत नसे. एका वर्षी मला वाटलं, अकरा-बारा वर्षांची पोर, कधीतरी चिडणारच. मी तिच्या कपाळावर एक आठी राहू दिली. बहिणीने फोटो परत पाठवला. "हिला काय झालं?" मी आठी भरून टाकली. आता कळतं की तिथे मोठी चूक झाली. ती जगली असती तर नापासही झाली असती, खोटं बोलली असती, तुझ्याशी भांडली असती, आईला नको म्हणाली असती. जी मुलगी होऊ शकली असती ती ही नव्हेच. शक्य होतं त्यातलं फक्त गोड तेवढं मी वेचलं, आणि तुला त्या गोडाशेजारी उभं केलं. जी नाही तिच्याशी बरोबरी करायची म्हणजे हरणंच. ती कधी चुकत नाही.

तू सोळा वर्षांची झालीस तेव्हाचं आठवतं? तू नवा ड्रेस घालून दारात आलीस आणि आई टाळ्या पिटत म्हणाली, "अगदी थोरलीसारखी दिसतेस गं!" सगळे हसले. खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी मी थोरलीचा जो चेहरा काढला होता, तस्साच तुझा झाला होता. केसांचा भांगसुद्धा. माझा अंदाज बरोबर निघाला, की तू दोन वर्षं रोज भिंतीकडे बघून त्या अंदाजात जाऊन बसलीस, हे मला आजही सांगता येत नाही. कोण कोणासारखं दिसत होतं? त्या रात्री तू हसली नाहीस. मी मात्र माझ्या हाताचं कौतुक ऐकून खूश झालो. त्याची लाज मला पुरेशी आहे, ती वेगळी लिहायला नको.

तू कॉलेजात असताना एकदा स्टुलावरून उठलीस, चष्मा घातलास आणि म्हणालीस, "मामा, आता पुरे. उद्या मी मेले तर तुझ्याकडे माझा एकही फोटो नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय, ढीगभर आहेत." तू गेल्यावर मी सगळे कप्पे उपसले. तू बरोबर होतीस. फोटोवाल्याची भाची, आणि तुझा एक फोटो नाही.

त्यानंतर मी तुला बसवलं नाही. जुन्यांवरच थोरलीचं वय वाढवत राहिलो. तिला पांढरा कोट घातला, गळ्यात स्टेथोस्कोप लटकवला. बहिणीने एकदा तिच्या शेजारी नवराही मागितला होता. मी म्हटलं, "अगं, जावई कुठून आणू?" तेव्हा ती नाइलाजाने थांबली.

तू पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागलीस. एकदा मी तुला चिडवलं होतं की दिवसभर बाटल्यांकडे बघून शेवटी "काही नाही" असंच लिहिता ना? तू म्हणालीस, "नाही मामा. आम्ही 'नाही' असं कधीच लिहीत नाही. 'आढळले नाही' असं लिहितो." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. या बाबतीत माझ्यापुरतं खरं हेच आहे. तू होतीस. समोर, स्टुलावर, चष्मा हातात धरून. मला आढळली नाहीस.

कलम सातवे. या कलमात जे लिहितो ते घडून आठवडा झाला आहे आणि ते लिहिणं माझ्या जिवावर आलं आहे.

वकीलबाईंकडून आल्यावर मी तू सात वर्षांची असतानाची निगेटिव्ह काढली. तीच, दोन वेण्यांची, जिच्यामुळे तुझे वडील घर सोडून गेले. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पुसायला लागलो. हात थरथरतात, पण पुसायला थरथरता हात चालतो. आधी भुवईवरचा वण वर आला. मग नाकावरचे खड्डे. मग दातांतली फट. एवढी वर्षं तू पेन्सिलीखाली तशीच्या तशी बसून होतीस. मला रडू आलं, ते मी इथे लिहून ठेवतो. खळी तेवढी राहिली. ती चाकूची आहे, ती जात नाही.

त्या निगेटिव्हचा मी फोटो केला. थोरलीचा वाढदिवस आला तेव्हा बहिणीकडे गेलो. तिचं आता कसं असतं ते तुला ठाऊकच आहे, सकाळचं दुपारी आठवत नसतं. तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "दादा, यंदाचा फोटो?" मी तो सात वर्षांच्या मुलीचा फोटो दिला. मनात म्हटलं, आता हिचं जे व्हायचं ते होवो.

ती खिडकीशी गेली. तिने फोटो उजेडात धरला. मग म्हणाली, "ही धाकटी आहे."

मी विचारलं, "कशावरून?"

"कशावरून काय? आई आहे मी तिची. चष्मा कुठे काढून ठेवलाय कार्टीने? बघ कशी डोळे बारीक करून बसलीय, दिसत नाहीये तिला काही." मग तिने डाव्या गालावर बोट ठेवलं. "ही खळी तेवढी थोरलीची. ही तुझी कारागिरी."

मी म्हटलं, "तुला कळत होतं?"

"दादा, मला काय वेड लागलंय? दोघींना मीच जन्म दिला ना?"

"मग दरवर्षी का मागत होतीस?"

हे काय विचारणं झालं, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू किती जीव लावून करायचास. तुला दुसरं होतं कोण? मी नको म्हटलं असतं तर तुला किती लागलं असतं."

आयुष्यभर मी समजत होतो की थोरलीला बहिणीसाठी जिवंत ठेवतोय. आणि बहीण म्हणते, तिने ती माझ्यासाठी ठेवली. हे खरं, की तिच्या आताच्या मनाने त्या क्षणी जुळवलेलं, ते मला कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारायला गेलो तर तिने दारातच विचारलं, "दादा, यंदाचा फोटो आणलास का रे?"

पण बाळ, ते खरं असेल तर तू कोणासाठी बसत होतीस? आम्ही दोघं एकमेकांचं मन राखत राहिलो आणि त्याचा भुर्दंड तू भरलास. आईला सांत्वन म्हणून तुझा चेहरा घेतला असं मी स्वतःला सांगत आलो होतो, आणि तेवढ्याने रात्री झोप लागायची. आता तेही उरलं नाही. याची माफी मागायची असते हे मला कळतं, पण ज्या मुलीची मागायची ती सात वर्षांची आहे आणि मला तिच्याकडे बघायचं धाडस होत नाही.

कलम आठवे. सबब, माझ्या मेजाच्या खालच्या कप्प्यातल्या सर्व निगेटिव्ह, त्यांच्यावरच्या पेन्सिलीसह, मी धाकटीस देतो. शेजारीच टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस ठेवला आहे. बोळा गोल फिरवायचा, घासायचा नाही. पुसल्यावर त्यात तू आहेस, पाच वर्षांपासून पुढे, वर्षाला एक. ते तुझं तुला परत. पुसायचं नसेल तर पुसू नकोस, तसंच राहू दे, किंवा सगळं जाळून टाक. थोरलीचं काय करायचं हे मी ठरवणार नाही. आजवर मीच ठरवत आलो, ते पुरे झालं.

एक सांगून ठेवतो. पुसल्यावरही प्रत्येक फोटोत डाव्या गालावर खळी राहील. त्याला माझा इलाज नाही. ती तुझी नाही, पण निदान ती खऱ्या मुलीची आहे. चार वर्षं ती होती. बाकीची सगळी वर्षं तुझी आहेत.

आणि आईने तुला ओळखलं. पुसलेला फोटो बघून, दोन क्षणांत, तुझ्या नाकावर चष्मा नसतानाही. दुसऱ्या दिवशी विसरली, तरी ओळखलं होतं, आणि त्याचा साक्षीदार मी आहे. हे तुला तोंडाने सांगायला मी आठवडाभर जमवाजमव करतोय आणि तू आलीस की औषधांबद्दल बोलतो.

थोरलीच्या नावे या मृत्युपत्रात काही नाही.

येथवर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, ते माझे आहे आणि मला मान्य आहे. वकीलबाई म्हणतात, लिहून देणाऱ्याची ओळख पटावी म्हणून शेवटी त्याचा फोटो लावावा लागतो. माझ्याकडे माझा फोटो नव्हता. आज दुपारी धाकटी औषधं घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, तुझ्या मोबाइलने काढ एक. कशासाठी ते तिने विचारलं नाही. मला उत्तरेच्या खिडकीशी बसवलं, त्याच स्टुलावर, आणि समोर उभी राहिली. मी सवयीने चष्मा काढला आणि हातात धरला.

ती म्हणाली, "मामा, चष्मा घाल. नाहीतर समोर कोण आहे ते कसं दिसणार तुला?"

मी घातला. सोबत जोडलेला फोटो तो आहे. त्याला कोणीही हात लावलेला नाही.

स्थळ: स्टुडिओ, वरची खोली
दिनांक: थोरलीच्या वाढदिवसानंतरचा आठवा दिवस

सही: (हात थरथरतो, पण सही माझीच)

साक्षीदार पहिला: खालचा शिंपी. माझ्यादेखत सही झाली.
साक्षीदार दुसरा: ज्यांनी तीन प्रश्न विचारले ते डॉक्टर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यांनी या कागदात दिलं आहे, ते मी वाचलं.